काचेतली शिवणखोली

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून मी आणि आई एकाच इमारतीत कामाला. ती मागच्या दाराने, मी पुढच्या. प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांनी पुढच्याच दाराने यायचं असा नियम आहे म्हणे, त्यामुळे चौकात आल्यावर आम्ही वेगळ्या झालो. आई म्हणाली, "जा. आणि तो पट्टा सरळ कर आधी." ओळखपत्र उलटं लटकत होतं.

सगळं शहर याला मोठं दुकान म्हणतं. पाटीवर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. मी लहान असताना सरकता जिना शहरात एवढ्या एकाच ठिकाणी होता आणि लोक खरेदीला कमी, जिन्यावर चढायला जास्त यायचे. बाबा सांगतात की पहिल्यांदा ते चपला हातात घेऊन चढले. आई म्हणते, साफ खोटं, ते पायरीवर बसूनच गेले होते.

थोरल्या मालकांनी कापडाच्या एका गाळ्यापासून सुरुवात केली. मग हे सात मजले, मग गावोगावी शाखा. इथून घेतलेला कपडा अंगाला नीट बसवून देण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, ही त्यांची पद्धत. त्यासाठी प्रत्येक शाखेत शिवणखोली. आई इथल्या शिवणखोलीची प्रमुख. नवीन शाखा उघडली की तिथल्या बायकांना शिकवायला तीच जायची. माझं अर्धं बालपण बाबांच्या हातचं जेवून गेलं, म्हणूनच मी अशी काटकुळी राहिले.

आता थोरले मालक नाहीत. धाकटे मालक बघतात. बऱ्याच शाखा बंद झाल्या. मी "बंद" म्हटल्यावर साहेबांनी मला दुरुस्त केलं, "बंद नाही, एकत्रीकरण."

साहेब म्हणजे या दुकानाचे व्यवस्थापक. माणूस चांगला वाटला. माझं शिक्षण विचारलं आणि म्हणाले, नव्या नजरेची गरज आहे. घरातली पहिली पदवी माझी. ती भिंतीवर लटकवण्यासाठी घेतलेली नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत पाचव्या मजल्यावर शिवणखोलीत गेले. एवढी मोठी खोली आणि कोपऱ्यात सहा मशीनं. बाकीच्यांच्या जागी फरशीवर नुसते डाग. पूर्वी इथे इतका आवाज असायचा की बायका खुणांनी बोलायच्या. आज धाकटीच्या डब्याचं झाकण उघडलं तरी सगळ्यांना कळलं.

धाकटी म्हणजे वयाने सगळ्यांत लहान. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. मला बघून म्हणाली, "आल्या बघा अधिकारी! बाई, उठून उभं राहू का?" आई म्हणाली, "तू बसून नीट काम कर, तेवढं पुरे आहे."

एक बाई काजांत तरबेज, तिला सगळे काजवाली म्हणतात. तिने विचारलं, "काय गं, राहणार ना आपली खोली? खाली म्हणतात, पुढचा नंबर पाचव्याचा."

मी म्हटलं, राहणार. उगीच नाही म्हटलं. शिवणखोली गेली तर या सहा जणींच्या हातचं काम जाईल, आणि त्यांतली एक माझी आई आहे. पण नुसतं माझ्या आईसाठी नाही. दुसऱ्या कुठल्या दुकानात विकलेल्या कपड्याची अशी काळजी घेतात? हेच आपलं वेगळेपण आणि तेच पाचव्या मजल्यावर कोंडून ठेवलंय, जिथे गिऱ्हाईक फिरकतसुद्धा नाही.

परतताना सरकता जिना बंद होता. "दुरुस्ती चालू" अशी पाटी आहे. आईला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "पाटी जुनी झाली म्हणून मध्ये बदलली."

२१ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांपुढे योजना मांडली! शिवणखोली खाली आणायची, थेट दर्शनी काचेत. चौकातल्या कोपऱ्याची ती मोठी खिडकी, जिथे आता दोन पुतळे मागच्या हंगामाचे कोट घालून उभे आहेत. पुतळे काढायचे आणि आपल्या बायका बसवायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे की इथे माणसं तुमच्यासाठी काम करतात.

वादाची पूर्ण तयारी करून गेले होते. साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. "म्हणजे पाचवा मजला पूर्ण रिकामा होईल?" मी म्हटलं हो. "किती दिवसांत?" मी म्हटलं आठवड्यात. "उत्तम. करा." इतका चटकन होकार! कॉलेजात उगीच सांगत होते की संस्था बदलाला विरोध करतात.

घरी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

"काचेत?"

"हो."

"लोक बघणार?"

"त्यासाठीच तर."

"मी काय प्राणिसंग्रहालयातलं अस्वल आहे?"

बाबा म्हणाले, "अस्वल निदान मान वर करून बघतं तरी." आईने त्यांच्या हातात उरलेली जुडी दिली.

१ सप्टेंबर, सोमवार

शिवणखोली काचेत सुरू झाली. पहिल्या तासात कोणी मानच वर करेना. मग एक लहान मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली आणि धाकटीने तिला जीभ काढून दाखवली. मग तिची आई थांबली, मग आणखी दोघं. दुपारपर्यंत बाहेर घोळका. तिघी-चौघी आत येऊन विचारून गेल्या की खरंच फुकट का.

आई मात्र पाठ करून बसते. बाकी पाच मशीनं रस्त्याकडे तोंड करून, तिचं एकटीचं उलटं. कितीदा सांगितलं. म्हणते, "उजेड पाठीमागून आला की सुई नीट दिसते." काहीतरीच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज ट्रक भरून माल आला! नंतर आणखी एक. किती दिवसांनी तळघर भरलंय. कामगारांबरोबर मीही खोकी मोजून घेतली, साडीचा पदर खोचून. खोक्यांवर दुसऱ्या शाखांच्या चिठ्ठ्या होत्या, नदीपलीकडच्या, घाटावरच्या. तिकडून माल इकडे पाठवतायत म्हणजे मालकांचा या दुकानावर विश्वास दिसतो. काजवालीला म्हटलं तसं, तर ती म्हणाली, "घाटावरच्या शाखेत माझी मावसबहीण आहे. कालपासून घरी आहे ती." मी म्हटलं, तब्येत बरी नाही का? ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरी आहे."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांनी एका गृहस्थांची ओळख करून दिली. इमारतीची मोजणी करायची आहे, मी बरोबर राहावं. मोजणीवाला फार सभ्य, प्रत्येक वेळी "जरा धरता का?" म्हणून टेपचं टोक माझ्या हातात देई. सातव्यापासून खाली येत दिवसभर मोजत होतो. मी त्याला जाता जाता सगळं सांगितलं, खेळणी कुठे होती, सणासुदीला रांग कुठपर्यंत यायची. त्याने ऐकून घेतलं.

पाचव्या मजल्यावर त्याने विचारलं, पाण्याची लाइन कुठून येते? सांडपाणी कुठे उतरतं? मी म्हटलं, शिवणखोलीला पाणी लागत नाही. तो हसला. "खिडक्या मात्र सुरेख आहेत. सकाळचा उजेड थेट आत."

बहुधा वर उपाहारगृह करायचा विचार असावा. मी साहेबांना म्हणणारच होते. खाली शिवणखोली, वर उपाहारगृह. लोक कपडा टाकतील, चहा घेतील आणि कपडा घेऊन जातील. हे सगळं जुळून येतंय.

आईला सांगितलं. तिने विचारलं, "टेप तू धरलीस?"

"हो, दिवसभर."

"ताणून धरलीस ना? ढिली धरली की माप चुकतं." एवढंच बोलली आणि दिवा मालवला.

६ ऑक्टोबर, सोमवार

चौकापलीकडे नवीन कपड्यांचं छोटं दालन आहे, त्याच्या मालकीणबाई आज आत आल्या. मला वाटलं आमच्याकडचं काही बघायला. त्या थेट काचेपाशी गेल्या. "त्या पाठमोऱ्या बसतात त्या कोण? समोरच्यांचं काम बघितलं मी, सगळ्या मध्ये मध्ये मागे वळून त्यांनाच विचारतात."

आईला त्यांनी प्रमुख म्हणून बोलावलंय. शनिवारपर्यंत सांगा म्हणाल्या.

दिवसभर मला धड काम सुचलं नाही. दिवसाढवळ्या दुसऱ्याच्या दुकानात शिरून माणसं पळवायची!

७ ऑक्टोबर, मंगळवार

जेवणं झाल्यावर आईने विषय काढला. बाबा म्हणाले, जा. चौकापलीकडे तर आहे, चप्पल तीच झिजेल. आई माझ्याकडे बघत होती.

"तुला काय वाटतं? राहील दुकान?"

मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. काचेपुढची गर्दी, आलेला माल, मोजणी. म्हटलं, वीस-बावीस वर्षं जिथे घालवली तिथे चांगले दिवस यायला लागल्यावर तूच निघालीस तर बाकीच्या काय थांबणार? आणि मी आहे ना तिथे.

"तू आहेस," आई म्हणाली. "बरं. नाही सांगते मग."

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. "भांडी राहिलीत," ती म्हणाली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काजवाली गेली. त्याच बाईंकडे! आई त्यांना नाही सांगायला गेली होती शनिवारी, आणि सोमवारी काजवाली तिकडे हजर. म्हणजे बाई किती धोरणी आहेत बघा. आईला म्हटलं, तुला राग नाही आला? ती म्हणाली, "काजं तिच्यासारखी कोणाला जमत नाहीत. बाईंना तसं कोणीतरी सांगितलं असेल."

३ नोव्हेंबर, सोमवार

आणखी एक गेली, हॉटेलात पडदे आणि चादरी बघायला. हॉटेलचा माणूस रोज चौकातून जायचा, काचेतून बघून ठेवली होती त्याने. दुसरी एक नाटकाच्या कपड्यांच्या कारखान्यात जाणार आहे. निष्ठा नावाची काही चीज असते की नाही? मी शिवणखोली लोकांना दिसावी म्हणून खाली आणली, ती काय माणसं हेरायला?

साहेबांकडे गेले. म्हटलं, नवीन बायका घेऊ या. ते म्हणाले, "आहेत तेवढ्यांत भागवा." ते टेबलाचे खण रिकामे करत होते. टेबल बदलणार असतील.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोनच उरल्या, आई आणि धाकटी. (चौथी आपल्या बहिणीच्या गावी गेली, तिथे एका शाळेचे गणवेश शिवते.) काचेत चार मशीनं रिकामी दिसतात म्हणून मी दोन पुतळे परत आणून बसवले. धाकटीने एकाच्या हातात कात्री दिली आणि म्हणाली, "हा जास्त बोलत नाही, आपल्या प्रमुखबाईंपेक्षा बरा." आई खुदकन हसली. मी तिला कामावर असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

फळ्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून सगळा माल पुढे ओढून एकाच ओळीत लावायचा, मागे मोकळी खोकी, हे मला आता फार चांगलं जमतं. दाराशी उभं राहिलं तर दुकान पूर्वीइतकंच भरलेलं दिसतं. आज एका आजोबांनी पुढचा सदरा उचलला आणि मागचं खोकं त्यांच्या पायावर पडलं. लागलं नाही. ते वाकले, खोक्यात डोकावले आणि ते परत जागेवर ठेवून दिलं. आणि सदराही ठेवला.

८ डिसेंबर, सोमवार

धाकटीही चालली. घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं सुरू करते आहे. दोन मशीनं आणि दारावर पाटी. चार दिवस ती सांगायला घाबरत होती, शेवटी रडतच आईपुढे उभी राहिली. आई म्हणाली, "रडतेस काय? पडदा लाव त्या खोलीला आधी. रस्त्यावरची धूळ थेट कापडावर येईल." आणि तिला दारापर्यंत सोडायला गेली. मागच्या नाही, पुढच्या.

मला हे मुळीच पटलं नाही. पण घरी येताना आईची चाल हलकी होती.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सगळ्यांना तळमजल्यावर बोलावलं. धाकटे मालक स्वतः आले होते. बंद पडलेल्या सरकत्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहून बोलले. महिनाअखेर दुकान बंद. इमारत विकली गेली आहे, उन्हाळ्यातच ठरलं होतं. ते चांगलं बोलले. वडिलांची आठवण काढली.

उन्हाळ्यात. म्हणजे मी रुजू व्हायच्या आधी.

साहेब मला म्हणाले, तुमचं काम उत्तम होतं, शेवटपर्यंत दुकान दुकानासारखं दिसलं, शिफारसपत्र देतो. मी धन्यवाद म्हणाले. सवयीने.

२२ डिसेंबर, सोमवार

काचेवर बाहेरून मोठं चित्र चिकटवलंय. आमचीच इमारत, पण खिडक्यांत पडदे आणि कुंड्या. खाली मजल्यांचे आराखडे. पाचव्यावर तीन घरं. जिथे आईचं मशीन होतं तिथे न्हाणीघर आहे. मापं बरोबर आहेत. टेप मी ताणूनच धरली होती.

आता आतून रस्ता दिसत नाही, चित्राची पांढरी पाठ दिसते. आईने आज मशीन वळवून तोंड काचेकडे केलं. म्हणाली, "आता कशाला मान आखडून घ्यायची."

२३ डिसेंबर, मंगळवार

काल झोप आली नाही, म्हणून सकाळी कामावर जाताना वाटेतच विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"कसं माहीत असणार? तू संध्याकाळी सांगायचीस तेव्हा खरं वाटायचं. सकाळी जिन्यावरची ती पाटी बघितली की खोटं वाटायचं."

"मग त्या बाईंना नाही का म्हणालीस? मी म्हटलं म्हणून?"

ती थोडं चालली. "तूही म्हणालीस. आणि मला आवडायचं गं. इतकी वर्षं एकटी जात होते या रस्त्याने. तू पुढे, गळ्यात पट्टा, आणि सारखी बोलत. चौकापर्यंत तरी." मग म्हणाली, "चूक झाली थोडी. पण आवडलं."

मी तिची जागा घालवली. तिने ती माझ्याबरोबर चालण्यात घालवली असं ती म्हणते. दोन्हींतलं खरं काय ते मला ठरवता येत नाही. मी माफी मागणार होते, पण चौक आला आणि ती नेहमीसारखी मागच्या दाराकडे वळली. मी तिच्या मागोमाग गेले. पहारेकऱ्याने माझ्या ओळखपत्राकडे बघितलं आणि दार उघडून धरलं.

३१ डिसेंबर, बुधवार

बंद झालं. मुख्य गोष्ट म्हणजे काहीच झालं नाही. दिवे एकेका मजल्यावरून विझवत खाली आले. शेवटचं गिऱ्हाईक एक बाई होती, तिला हातमोजे हवे होते आणि ते नव्हते.

११ जानेवारी, रविवार

आई दहा दिवस घरात आहे. डब्यांची झाकणं पुसून झाली, माळा आवरून झाला, बाबांचे सगळे सदरे उसवून पुन्हा शिवून झाले. बाबा म्हणाले, "आता मलाच उसवेल ही." चौकापलीकडच्या बाईंकडे जाऊन आली. जागा भरली आहे. काजवाली तिथे प्रमुख झाली म्हणे. आईने हे आनंदाने सांगितलं, पण हात पुसत सांगितलं, आणि हात कोरडेच होते.

मी अर्ज करते आहे. "आधीच्या नोकरीतील कामगिरी" या रकान्यापाशी अडले. शिवणखोली वाचवण्याची योजना, आणि तिच्यात शेवटी एकही बाई उरली नाही. असं कसं लिहायचं? तो रकाना तूर्त कोरा ठेवला आहे.

१८ जानेवारी, रविवार

दुपारी धाकटी आली. तिच्याकडे इतकं काम आलंय की रात्री पाय दुखून झोप लागत नाही. अर्धी गिऱ्हाइकं मोठ्या दुकानातली. "काचेत बघितलं होतं तुम्हाला," असं म्हणत येतात.

मला वाटलं ती मला टोमणा मारते आहे. मी म्हटलं, हो, काच तेवढी चालली, दुकान चाललं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि म्हणाली, "एवढं शिकून हिला..." आई म्हणाली, "राहू दे." काय राहू दे ते दोघींपैकी कोणीच सांगितलं नाही.

मग धाकटी बराच वेळ पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत बसली. शेवटी एका दमात म्हणाली, "बाई, रागावू नका. दुसऱ्या मशीनवर बसायला कोणी मिळत नाहीये. म्हणजे बायका मिळतात, पण पुढे उसवून वाढवता येईल असं दुमडीत कापड राखत नाहीत, सरळ कापून टाकतात. तुम्हाला विचारायची माझी छाती होत नव्हती."

मला खरंच राग आला. हिला सुईत दोरा ओवायला आईने शिकवलं आणि आता आईने हिच्या हाताखाली बसायचं, हिच्या पुढच्या खोलीत? मी काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण मागच्या वेळी मी बोलले होते, ते आठवलं. तोंड मिटून घेतलं.

"किती वाजता उघडतेस?" आईने विचारलं.

"आठ."

"पडदा लावलास?"

"लावला."

"येते."

धाकटी गेल्यावर आई लगेच उठली, कात्री काढली, बोटाची टोपी शोधली, जेवणाचा डबा धुऊन उपडा घातला. मी विचारलं, तुला वाईट नाही वाटत? तुझ्या हाताखालची मुलगी.

"वाटतंय ना," आई म्हणाली. "थोडं वाटतंय. पण आज लवकर झोपू दे मला. उशीर झाला तर ओरडेल ती. मीच शिकवलंय तिला ओरडायला."